निःशेष

संगणकावरून 'वर्ड' ही लेखनप्रणाली रीतसर काढली, तरी तिचें सर्वस्व जात नाहीं. 'नॉर्मल' नांवाचा साचा व लेखकानें तिला शिकविलेल्या शब्दांचा कोश हीं दोन्ही लेखकाच्या खात्यांत जशींच्या तशीं राहतात. साचा बिघडलेला असेल, तर प्रणाली दहादां नव्यानें घातली तरी ती तोच उचलते. तो पुसला, कीं दुसरा घडविते. म्हणून जाणते सांगतात, सारें निःशेष करा.

मला मात्र हें शेष ठेवणें अन्यायाचें वाटत नाहीं. घर सोडणाऱ्या भाडेकऱ्यानें मालकाची पेटी नेऊं नये, एवढाच त्यांतला विवेक. परवां साचा मीं सुखानें पुसला. कोशापाशीं हात अडखळला. साधी यादी, ओळीस एक शब्द. तींत संतकवींचीं नांवें होतीं, आणि घाईंत मीं शुद्ध म्हणून मान्य केलेले कितीएक अशुद्ध शब्दही. इतकीं वर्षें प्रणाली त्यांना मुकाट्यानें सोडीत आली, ती माझ्याच आज्ञेनें; आणि विद्यार्थ्यांच्या तशाच चुकांवर मी तांबड्या रेघा ओढीत होतों! कोश पुसला असता, तर चुकांबरोबर त्या माझ्या होत्या हेंही पुसलें गेलें असतें. हल्लीं रोज निजण्यापूर्वीं त्यांतले दहा शब्द तपासतों. अजून अर्धाही झालेला नाहीं.