सात सेकंदांची चिठ्ठी

मामांची सगळी नोकरी खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत गेली, तपासणीत. निवृत्त होऊनही हाताची सवय सुटलेली नाही. खडकी बाजारातल्या हॉटेलात चहा आला, तर आधी बशी उलटी करून पाहिली.

"मारकडवाडीचं तुला पटलं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

माळशिरस तालुक्यातल्या या गावाने विधानसभेच्या निकालानंतर, मतदान यंत्रांवर शंका घेऊन, 3 डिसेंबर 2024 ला स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं. जमावबंदी लागली आणि बेत बारगळला. गंमत म्हणजे गावाला शंका होती ती निवडून आलेल्या उमेदवाराला गावात कमी मतं कशी पडली याची.

"नाही पटलं. दर मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मतदान यंत्राशी ताडून पाहतात. 288 मतदारसंघ, म्हणजे 1440 यंत्रं. निवडणूक आयोग सांगतो, कुठेही तफावत नाही. तुम्हीही लॉटमधली मोजकीच काडतुसं उडवून अख्खा लॉट पास करायचात ना?"

"काडतूस उडवलं की संपतं. सगळीच उडवली तर जवानाला काय टरफलं देणार? चिठ्ठी मोजली म्हणून संपते का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, "बरं, सगळ्या मोजल्या आणि जुळल्या, तर मानाल?"

"मी मानेन."

"आणि चिठ्ठी छापणारं यंत्रच फितूर आहे, असं म्हणणारा?"

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. "त्याला काहीही दाखवलं तरी तो कटाचाच भाग. असा माणूस पुढच्या वेळी मतदानालाच जात नाही."

"म्हणजे त्याचं मत गेलंच. यंत्राला हातही न लावता."

मग मी खडकीचाच दाखला काढला. जुलै 1815 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हमीवर आले होते. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने संशय पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर धरला. खटला नाहीच, सरळ ठाण्याच्या किल्ल्यात कैद. डेंगळे तिथून निसटले आणि जून 1817 च्या तहात पेशवे दुसऱ्या बाजीरावाकडून त्यांचा गुन्हा लिहून घेतला गेला, वर मुलूखही. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला इथेच पेशवे आणि इंग्रजांची लढाई झाली.

"एका संशयावर केवढं राजकारण झालं बघा," मी म्हणालो.

"पण तो संशय खोटा होता, हे कुणी सिद्ध केलंय?"

"खराही असेल. तपासला कुणी? कंपनीला मुलूख हवा होता, संशय आयताच मिळाला."

"मग मारकडवाडीवाले तपासाच तर म्हणत होते," मामा म्हणाले. "त्यांना एल्फिन्स्टनच्या रांगेत कशाला बसवतोस?"

हे मात्र मला मान्य करावं लागलं. तपासा म्हणणारा आणि ठरवून बसलेला, दोघांना एकाच नावाने हिणवायची सवय मलाही लागली होती.

"तुमची चिठ्ठी तुम्ही पाहिलीत ना?" उठता उठता मी विचारलं. काचेआड ती सात सेकंद दिसते.

मामा पैसे काढत होते. "नाही रे," ते म्हणाले. "मागे रांग होती."