खडीची परीक्षा

इमारत पाहतांना आपण शिल्पकाराची स्तुति करितों, सिमेंटच्या जातीची चौकशी करितों. खडीला मात्र कोणी पुसत नाहीं. वास्तविक काँक्रीटच्या आकारमानाचा सुमारें ६० ते ७५ टक्के भाग खडी व वाळू यांचाच असतो.

तिची परीक्षा होत नाहीं असें नव्हे. ती भाराखालीं किती चुरते, किती झिजते, पाणी किती शोषिते, हें पाहण्याच्या रीती १९६३ सालच्या भारतीय मानकांत घालून दिल्या आहेत. परंतु कोणतीहि कसोटी झाली तरी मनुष्यास सुचलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. खडी म्हणजे निष्क्रिय भर, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९४० सालीं कॅलिफोर्नियांतील अभियंते टॉमस स्टँटन यांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं दगडांतील सिलिका सिमेंटमधील अल्कलीशीं संयोग पावते; त्यांतून होणारा चिकट पदार्थ पाणी पिऊन फुगतो आणि काँक्रीट आंतून तडकतें. दगड कठीण असला म्हणजे निर्धोक असतोच असें नाहीं.

हा शोध लागण्यापूर्वीं ज्यानें अशी खडी वापरली, त्यास आम्ही दोषी मानीत नाहीं. जें कोणासच ठाऊक नव्हतें तें त्यास कसें ठाऊक असावें? पण आज स्थिति निराळी आहे. ह्या दोषाची शीघ्र परीक्षा सुमारें पंधरा दिवसांत होते. अधिक विश्वसनीय मानिली जाणारी परीक्षा वर्षभर चालते. ठेकेदार म्हणेल, वर्षभर कोण थांबणार? प्रश्न अगदींच अवास्तव नाहीं. तथापि खाणीची परीक्षा बांधकामाच्या पुष्कळ आधीं करितां येते, खाण खोल गेल्यावर पुन्हां करितां येते. आणि शंका उरलीच तर कमी अल्कलीचें सिमेंट अथवा राख मिसळून धोका कमी करितां येतो.

अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांत अनेक घरांचे पाये खडींतील पायऱ्होटाइट नामक लोह-गंधकाच्या खनिजामुळें फुटले. तडे दिसूं लागण्यास कित्येक ठिकाणीं दहा-वीस वर्षें लागलीं. तोंवर बांधणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो, आणि राहणाऱ्याची जन्माची पुंजी त्या भिंतींत अडकलेली असते.

म्हणून, ‘नियमांत बसतें ना?’ एवढें विचारून थांबणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. सौदा ठरतांना जो हजर नसतो, त्याच्या वतीनें एक प्रश्न अधिक विचारणें, हाच प्रामाणिकपणा होय.