टोल कुणापर्यंत पोचतो?

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधल्या घंटा एके काळी सोळा सुरावटी वाजवत. त्यांत ‘गॉड सेव्ह द किंग’ होतं, ‘होम स्वीट होम’ही होतं. राज्यकर्ते गेले, त्यांच्या सुरावटीही गेल्या. पुढे दर पंधरा मिनिटांनी वाजणारी एकच धून उरली. टॉवरचं नाव मात्र पहिल्यापासून एका आईचं आहे, ते तसंच राहिलं.

राजाबाई म्हणजे मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री. प्रेमचंदांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला देणगी दिली, ती कापसाच्या तेजीत मिळवलेल्या पैशातून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदही बुडाले. पण दिलेलं दान कामी आलं. १८७८ मध्ये टॉवर पूर्ण झाला.

राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा जैन नेम होता, असं सांगतात. वेळ कुणाला विचारायला लागू नये, म्हणून लेकानं ही घंटा बांधली, अशी ही गोष्ट. घड्याळाचा काटा डोळसालाच दिसतो. टोल मात्र न दिसणाऱ्याकडे आपण होऊन जातो.

आपल्या बीड जिल्ह्यात आजही कापूस पिकतो. असा मनोरा आपल्याकडे नाही, पण वाडीवस्तीवरच्या शाळेत घंटा आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता निघतो. ट्रॉलीत संसार चढतो, त्याबरोबर लेकरंही. मग साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत हजेरीपटावर नाव राहतं, घंटा वेळेवर होते, आणि ती ज्याच्यासाठी वाजते ते लेकरू कुठल्यातरी फडात पाचटावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं.

शाळा उघडी ठेवली की आपलं काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण ज्याला शाळेपर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत शाळेनंच जायला हवं. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरांना गावात ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. नातवंडांना जवळ ठेवून घेणाऱ्या आज्याही तेच काम करतात. यंदा कोयता निघण्याआधी आपल्या गावातल्या एका तरी लेकराची अशी सोय लागली का, एवढं विचारायला आज एखाद्या घरी जाऊन येऊ या.