दोषाचा धनी कोण?

गुन्ह्याची कथा म्हटली म्हणजे तिचा एक ठराविक सांगाडा आपणां सर्वांच्या मनांत तयार असतो. प्रारंभीं एक प्रेत, मध्यें संशयितांची रांग आणि शेवटीं अपराध्याच्या खांद्यावर पडलेला हात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वडिलांच्या उशाखालून चोरून वाचण्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्या आमच्यासारख्यांस तर या सांगाड्याची इतकी संवय जडली आहे कीं, शेवटच्या पानावर एका मनुष्याचें नांव हातीं आल्यावांचून पुस्तक मिटवतच नाहीं. या संवयीच्या मुळाशीं एक नैतिक समजूत आहे. ती ही कीं, जेथें अनर्थ घडतो तेथें तो घडविणारा कोणीतरी एक असतो, आणि तो सांपडला म्हणजे जगाची विसकटलेली घडी पुन्हां बसते.

अमेरिकेंतील ‘द वायर’ ही दूरचित्रवाणी-मालिका याच समजुतीवर घाव घालते. २००२ च्या जूनपासून २००८ च्या मार्चपर्यंत एच.बी.ओ. या वाहिनीवर पांच पर्वांत व साठ भागांत ती दाखविली गेली. तिला त्या वेळीं प्रेक्षक बेताचाच लाभला, एमी पारितोषिक तर एकदांही मिळालें नाहीं. पण संपल्यावर तिची कीर्ति वाढत गेली, आणि हार्वर्ड विद्यापीठांत विल्यम ज्युलियस विल्सन यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञानें तिच्या आधारें वर्ग चालविला. आम्हीं ती फार उशीरां, गेल्या पावसाळ्यांत, मुलीच्या आग्रहामुळें पाहिली. इतक्या स्तुतीनंतर एखादी कृति पाहावयास बसणें हें त्या कृतीवर अन्याय करण्यासारखेंच असतें. तरी ही मालिका त्या कसोटीस बरीचशी उतरते, हें आधींच सांगून टाकतों.

तिचे प्रमुख कर्ते दोघे. डेव्हिड सायमन हे बाल्टिमोर शहरांतील ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राचे बातमीदार होते. एड बर्न्स यांनीं त्याच शहराच्या पोलिसखात्यांत वीस वर्षें नोकरी केली आणि मग सरकारी शाळेंत शिक्षकाचा पेशा पत्करला. म्हणजे वृत्तपत्र, पोलिस आणि शाळा या तिन्ही संस्था त्यांनीं आंतून पाहिलेल्या. पहिल्या पर्वांत पश्चिम बाल्टिमोरमधील सरकारी घरांच्या वस्तींत चालणारा हेरॉइनचा व्यापार आणि त्यावर पाळत ठेवणारी पोलिसांची एक लहानशी तुकडी आहे. व्यापारी टोळी सार्वजनिक टेलिफोन व पेजर वापरते. तीं संभाषणें चोरून ऐकण्याची जी तार, तिच्यावरून मालिकेचें नांव. दुसऱ्या पर्वांत बंदरावरील गोदी कामगार येतात, तिसऱ्यांत शहराचें राजकारण, चौथ्यांत शाळा, पांचव्यांत वृत्तपत्र.

कथा सांगण्यांतील संयम हा तिचा पहिला गुण. प्रेक्षकास बोटाला धरून ती कांहींच समजावून सांगत नाहीं. पहिले तीनचार भाग आम्हांस पात्रांचीं नांवेंही लागेनात. तिकडच्या रस्त्यावरील इंग्रजीनें तर आमच्या इतक्या वर्षांच्या इंग्रजी अध्यापनाची चांगलीच फजिती केली, आणि शेवटीं पडद्याखालीं उमटणाऱ्या अक्षरांचा आश्रय घ्यावा लागला. पोलिस आणि गुन्हेगार यांस ती एकाच मापानें मोजते. स्ट्रिंगर बेल हा टोळीचा कारभारी महाविद्यालयांत जाऊन अर्थशास्त्राच्या वर्गास बसतो. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नीटनेटक्या घरांत मॅक्नल्टी या पोलिसाच्या हातास ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ लागतो, आणि आपण इतकीं वर्षें नक्की कोणाचा पाठलाग करीत होतों हेंच त्याला कळेनासें होतें.

परंतु या मालिकेचें खरें सामर्थ्य पाहावयाचें असेल तर चौथें पर्व पाहावें. शहरांत शेंकडों ओसाड घरें आहेत. त्यांच्या दारांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या आहेत. त्यांतील कांहीं फळ्यांमागें प्रेतें लपविलेलीं आहेत हें लेस्टर फ्रीमन या चाणाक्ष तपासनीसाच्या ध्यानांत येतें. पण त्याचा सार्जंट लँड्समन याला तीं घरें उघडावयाचीं नाहींत. कारण वर्ष संपत आलें आहे, आणि प्रेतें बाहेर निघालीं कीं उकल न झालेल्या खुनांचा आंकडा फुगणार. लँड्समन दुष्ट नाहीं. तो विनोदी आहे, सहकाऱ्याच्या मरणानें गहिंवरतो, आपल्या माणसांस सांभाळून घेतो. त्याला फक्त फळ्यावरचा तक्ता नीट ठेवावयाचा आहे. या प्रसंगांत पिस्तूल नाहीं, रक्त नाहीं, कोणी आवाजही फारसा चढवीत नाहीं; आणि तरी इतकें अंगावर कांटा आणणारें दृश्य गुन्हेगारी कथेंत आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

त्याच पर्वांत, सर्वजण ज्याला ‘प्रेझ’ म्हणतात तो एक माजी पोलिस गणिताचा शिक्षक होऊन येतो. चुकून आपल्याच खात्यांतील एका सहकाऱ्यावर गोळी झाडल्यानें त्याची नोकरी गेलेली असते. फांशांच्या खेळावरून तो मुलांस संभाव्यतेचें गणित शिकवूं लागतो, मुलें प्रथमच डोकें वर करून पाहूं लागतात, तोंच हुकूम येतो कीं आतां फक्त सरकारी परीक्षेचीच तयारी करून घ्यावी. आंकड्यांची ही हातचलाखी आपण पूर्वीं पाहिली आहे हें प्रेझच्या लागलींच लक्षांत येतें. तेथें दरोड्याची चोरी करून दाखवीत. येथें अज्ञानाचें ज्ञान.

येथें आम्हांस मालिका थांबवावी लागली. मुलीनें कारण विचारलें, तें आम्हीं त्या दिवशीं सांगितलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, आमच्या महाविद्यालयाच्या मूल्यमापनासाठीं बाहेरील समिति यावयाची असतां, विभागप्रमुखांची एक बैठक झाली. निकालाची टक्केवारी ‘समाधानकारक’ असावी व त्यासाठीं अंतर्गत गुणांकडे ‘सहानुभूतीनें’ पाहावें, असें तींत ठरलें. कोणीं आज्ञा केली नाहीं; खोटें लिहा असें तर कोणीं म्हटलेंच नाहीं. आम्हीं आमच्या विभागाचे तक्ते सहानुभूतीनें भरले. वर्गांत चार वेळांही न दिसलेल्या मुलांस वीसांपैकीं सोळा गुण दिले आणि खालीं सही केली. पुढें त्यांतील एक मुलगा शिफारसपत्रासाठीं घरीं आला. आधीं नोकरीचा अर्ज लिहून आण, मग पाहूं, असें सांगितल्यावर त्यानें जो कागद पुढें ठेवला त्यांत एकही वाक्य धड नव्हतें. आम्हीं तसें बोलून दाखविलें तेव्हां तो म्हणाला, ‘पण सर, मार्क तर चांगले होते ना?’ त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती; निव्वळ आश्चर्य होतें. तो गेल्यावर आम्ही पत्नीस म्हणालों, ‘पद्धतच तशी पडली आहे, एकट्यानें काय होणार?’ ती कांहींच बोलली नाहीं.

हेंच वाक्य ‘द वायर’ साठ भागांत, अत्यंत प्रभावीपणें, आपल्या कानांत सांगते. आणि या मालिकेविषयीं आमची मुख्य तक्रार आहे ती हीच. आपला आदर्श शेक्सपिअर नसून ग्रीक शोकांतिका आहेत, मात्र ऑलिंपसवरील देवतांच्या जागीं आपण आधुनिक संस्था बसविल्या आहेत, अशा आशयाचें विधान सायमन यांनीं स्वतःच केलें आहे. कल्पना भव्य आहे यांत संशय नाहीं. पण देवता आणि संस्था यांमधील एक भेद त्या उपमेंत बुडून जातो. झ्यूसच्या आज्ञेवर कोणा मर्त्य मनुष्याची सही लागत नाहीं. पोलिसखात्याच्या तक्त्यावर ती लागते. शेवटच्या भागांत मायकेल हा मुलगा ओमार नांवाच्या लुटारूच्या वाटेनें जातो, ड्यूकी हा त्याचा मित्र बबल्स या व्यसनी मनुष्याच्या जागीं जाऊन पोंचतो, नवा पोलिस जुन्या मॅक्नल्टीसारखा वागूं लागतो. एक सांचा रिकामा झाला कीं दुसरा त्यांत ओतला जातो. ही जुळणी इतकी रेखीव आहे कीं ती बाल्टिमोरच्या वास्तवापेक्षां कर्त्यांच्या सिद्धांताचीच साक्ष अधिक देते. आमच्यासारख्या सुशिक्षित प्रेक्षकास मात्र तिच्यांतून एक प्रकारची सुखद विषण्णता लाभते. सर्वच यंत्राचें चाक, तेव्हां दोष सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाहीं, म्हणजे आमचाही नाहीं!

पांचव्या पर्वाविषयीं फार लिहीत नाहीं. खात्यास पैसा मिळावा म्हणून मॅक्नल्टी बेघर माणसांच्या प्रेतांवर खुणा करून एक काल्पनिक माथेफिरू खुनी उभा करतो, हें पहिल्या पन्नास भागांचा संयम पाहिलेल्या प्रेक्षकाच्या गळीं उतरत नाहीं. मात्र त्या पर्वांतील एक गोष्ट आमच्या प्रतिपादनास उपयोगी आहे. वृत्तपत्राच्या कचेरींत बातम्या रचणारा टेम्पल्टन आणि त्याच्यावर पांघरूण घालणारे संपादक हे सरळसरळ वाईट म्हणून रंगविले आहेत. सायमन यांचा आपल्या जुन्या संपादकांवरील रोष सर्वश्रुत आहे. म्हणजे जेथें घाव स्वतःला लागला होता, तेथें त्यांनाही संस्थेला दोष देऊन समाधान झालें नाहीं; तेथें माणसें हवीं झालीं. (स्त्रीपात्रांत किमा ग्रेग्ज वगळतां फारशीं कोणी ठसत नाहींत, हाही दोष खराच, त्यावर इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे.)

असें असूनही या मालिकेंत कांहीं प्रसंग असे आहेत कीं जे कर्त्यांच्या सिद्धांतास जुमानीत नाहींत. रँडी हा हौशी शाळकरी मुलगा गोळ्याचॉकलेटें विकून चार पैसे सांठवितो. एका खुनाविषयीं त्याला थोडी माहिती असते. सार्जंट कार्व्हर त्याला विश्वासानें आपल्या जुन्या जोडीदाराच्या स्वाधीन करतो. त्या जोडीदाराच्या बेफिकिरीमुळें गोष्ट फुटते, मुलावर खबऱ्या म्हणून शिक्का बसतो, त्याच्या घराला आग लावली जाते आणि त्याला आईसारखी सांभाळणारी बाई भाजून निघते. कार्व्हर त्या मुलास आपल्या घरीं नेऊं पाहतो. नियम आडवे येतात. रँडीला अनाथ मुलांच्या वसतिगृहांत पोंचवून तो परत मोटारींत बसतो आणि स्टिअरिंगवर मुठी आपटीत राहतो. दोष सर्वस्वीं यंत्रणेचा असता तर त्या मुठी कशासाठीं? आणि कॉल्व्हिन हा पदच्युत झालेला मेजर, खुनांबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या वी-बे नामक गुंडास तुरुंगांत भेटून, तुझा मुलगा माझ्या घरीं वाढूं दे असें मागणें घालतो, तो प्रसंगही तसाच. संस्थेच्या भिंती चोहों बाजूंनीं आहेत, पण निर्णय त्या दोघांचा आहे. वी-बे हो म्हणतो. चार मुलांपैकीं तेवढा एक नेमंड वांचतो. एवढ्यानें बाल्टिमोर सुधारत नाहीं, आणि कॉल्व्हिनही तसा दावा करीत नाहीं.

हा प्रश्न कांहीं बाल्टिमोरमध्यें प्रथमच उपस्थित झालेला नाहीं. द्रौपदीनें भर सभेंत विचारलें तेव्हां भीष्मांनीं धर्माच्या सूक्ष्मतेचें कारण पुढें केलें, आणि युद्धारंभीं युधिष्ठिर नमस्कारास आला तेव्हां कौरवांच्या अर्थानें आपण बांधलेले आहों असें सांगितलें. ‘पद्धतच तशी’ या उत्तराचें याहून वडीलधारें रूप आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याच सभेंत धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाहीं असें त्यानें स्वच्छ सांगितलें. कर्णानें त्याला पोर ठरवून गप्प बसविलें; पुढें व्हावयाचें तें झालेंच. ‘द वायर’च्या हिशेबानें विकर्णाचें बोलणें फुकट गेलें. परंतु तो बोलल्यानंतर इतरांचें मौन पूर्वीसारखें राहिलें नाहीं. बोलणें शक्य होतें, हें त्यानें दाखवून दिलें होतें. आमच्या त्या बैठकींत असा विकर्ण कोणी नव्हता, आणि तो कोणी नव्हता याचें कारण आम्हीही तेथें होतों व बोललों नाहीं, हेंच आहे.

तरीही हाच विकर्ण पुढें कुरुक्षेत्रावर कौरवांच्याच बाजूनें उभा राहिला आणि भीमाच्या हातून पडला. सभेंतील तें भाषण आणि रणांतील ती जागा यांचा मेळ आम्हांस अद्याप घालतां आलेला नाहीं. अंतर्गत गुणांचे तक्ते या महिनाअखेरीस पुन्हां भरावयाचे आहेत.