पाटीवरचा अंदाज

प्राथमिक शाळेत लांबी, वजन आणि धारकता शिकविताना मुलांना आधी अंदाज करावयास लावून मग प्रत्यक्ष मापावयास सांगण्याची जी पद्धत आहे, तिच्याकडे आपण अंकगणिताची एक सोय म्हणूनच पाहतो. परंतु ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावयाचे, आणि ते तसे ठरेपर्यंत त्याविषयी कोणती वृत्ती बाळगावयाची, हा तत्त्वज्ञानातील पुरातन प्रश्न तेथे सात-आठ वर्षांच्या बालकापुढे उभा राहिलेला असतो.

फळा किती विती लांब आहे, असे गुरुजी विचारतात. मूल मनाशी हिशेब करून पाटीवर बारा लिहिते. मग फळ्याशी जाऊन वीत टाकीत मोजते, तो चौदा भरतात. आणि जागेवर परत येताच ते ओल्या बोटाने बाराचा आकडा पुसून तेथे चौदा लिहिते. लहान वर्गांना शिकविणाऱ्यांच्या हे नित्य परिचयाचे आहे. या कृतीला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. कारण बरोबर उत्तर तेवढेच खरे, बाकी सारी चूक, आणि चूक म्हणजे अपराध, ही समजूत त्या मुलाच्या मनात आपणच रुजविलेली असते. तरीही जे आपल्याला वाटले होते ते वाटलेच नव्हते असे दाखविण्याचा पहिला संस्कार येथे घडतो, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात जो दीर्घ वाद झाला, तो या ठिकाणी आठवतो. ज्ञान उत्पन्न होताच स्वतःच प्रमाण असते, बाधक दोष आढळला तरच ते टाकावे, असे मीमांसकांचे म्हणणे; तर ज्ञानाचे प्रामाण्य परतः, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली प्रवृत्ती सफल झाल्यावर कळते, असे नैयायिकांचे म्हणणे. पाणी दिसले म्हणून माणूस पुढे गेला आणि त्याची तहान भागली, म्हणजे ते दर्शन खरे ठरले. बालकाला या दोन्ही पक्षांची गरज आहे. स्वतःच्या प्रतीतीवर काही विश्वास असल्याशिवाय ते बारा म्हणण्याचे धैर्य करणार नाही, आणि पडताळा घेतल्याशिवाय त्या बाराचा दुराग्रह झाल्यावाचून राहणार नाही. न्यायसूत्रकार गौतमाने आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, निर्णयाबरोबर संशयालाही स्थान दिले आहे. संशयाची खूण पुसून टाकल्यावर निर्णय कशाचा झाला, हे सांगणार कोण?

शिवाय अंदाज म्हणजे अंधारात मारलेला बाण नव्हे. स्वतःची वीत हे ज्ञात मान घेऊन अज्ञात लांबीकडे जाणे, हा अनुमानाचाच व्यापार आहे. आणि बारा व चौदा यांमधील दोन विती डोळ्यांपुढे राहिल्या, तरच पुढच्या वेळी खिडकीची लांबी सांगताना ते अनुमान सुधारते. प्रगती मोजावयाची ती या अंतरानेच.

या शिक्षणाचे मोल शाळेबाहेर किती आहे, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावयास नको. गावच्या पिकाची आणेवारी नजरपाहणीने ठरवावयाची आणि तीवरून सारा वसूल करावयाचा की तहकूब ठेवावयाचा, हे दप्तरात लिहावयाचे, असा वहिवाटीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालला. तेथे डोळ्याच्या अंदाजावर कुटुंबाचे अन्न अवलंबून असे. पुढे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी यदृच्छया निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापून, मळून, तोलून पाहण्याची पद्धत रूढ केली, तिचे तत्त्व त्या बालकाच्या पाटीवरचेच आहे: नजरेचे म्हणणे मापाशी ताडून पाहावे.

आणि माप तरी अखेरचे कोठे असते? १९५८ साली आपल्या देशात मेट्रिक वजनमापांचा अंमल सुरू झाला, शेर-पायलीचे प्रांतोप्रांतीचे भेद मावळले; मुलाची वीत आणि गुरुजींची वीत यांतील अंतरही शाळेतल्या मोजपट्टीने मिटविले. तरी पट्टीवरच्या दोन बारीक रेघांच्या मधे वस्तूचे टोक आले, म्हणजे पुन्हा अंदाजच करावा लागतो. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला. चार दशांश स्थळांपर्यंत अचूक असे हे मान देतानाही ते नेमके नसून जवळचे आहे, हे त्याने स्वतःच नमूद केले. जेवढे कळले तेवढे निश्चयाने सांगावे आणि जे उरले ते लपवू नये, ही सत्यनिष्ठा ज्या परंपरेत इतकी जुनी आहे, तेथे मुलांना अंदाज पुसावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून लहान मुलांच्या शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की पाटीवर अंदाजाचे आणि मापाचे असे दोन रकाने पाडून द्यावेत, पहिल्या रकान्यातील आकडा कोणी पुसू नये असा वर्गाचा नियम करावा, आणि त्या आकड्यावर चुकीची फुली कधीही मारू नये. स्वतःचा अंदाज आणि स्वतःचे माप शेजारीशेजारी ठेवून त्यांतील अंतर शांतपणे वाचणारे मूल सत्याचरणाचा पहिला पाठ शिकलेले असते.