गाडी बदलणाऱ्यानं झोपू नये

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना होकार कळवायचा शेवटचा दिवस म्हणजे १ मे, आणि महाराष्ट्र दिनही तोच. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या सनीवेलसारख्या गावात ज्या मराठी घरात बारावीतलं मूल असतं, त्या घराला एप्रिलचा शेवटचा आठवडा जड जातो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वडापावची प्लेट हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "मग, कुठं ठरलं?"

संजय आणि मेधाच्या घरी काहीच ठरलं नव्हतं. त्यांच्या तन्वीला पाण्याचा अभ्यास करायचा होता. नद्या, भूजल, धरणं हे तिचं वेड. त्यासाठी तिला यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिस हवं होतं आणि नेमका डेव्हिसनंच नकार कळवला होता. यूसी रिव्हरसाइडनं बोलावलं होतं; तिथं राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ४०,००० डॉलरच्या आसपास. बोस्टनकडच्या एका खासगी विद्यापीठानंही बोलावलं होतं, पण आर्थिक मदत शून्य आणि खर्च वर्षाला ९०,००० डॉलरच्या घरात. संजयनं बोस्टनचं पत्र छापून फ्रिजवर लावलं. तन्वीनं त्याच्या शेजारी आपला कागद लावला. कुपर्टिनोचं डी अँझा कम्युनिटी कॉलेज, एका युनिटला ३१ डॉलर, दोन वर्षांत ९० युनिटं, एकूण फी २,७९० डॉलर. राहायचं घरी. तिसऱ्या वर्षी ट्रान्सफर घेऊन डेव्हिस.

"कम्युनिटी कॉलेज?" संजय म्हणाला. "तिथं कुणालाही घेतात."

"हो ना. म्हणजे मलाही घेतील."

"लोकांना काय सांगू मी?"

तन्वीनं अभ्यास केला होता. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला, तेव्हाच ही वाट मुद्दाम आखली, हे तिनं बाबांना ऐकवलं. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, तिथून पुढं विद्यापीठात जायच्या सोयीसकट. मागच्या दारानं शिरण्यातला हा प्रकार नव्हे, असं तिचं म्हणणं.

मेधाची हरकत निराळी होती. "पैसे वाचतील, कबूल. पण तिकडं पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळा, प्राध्यापकांची ओळख, वसतिगृहातल्या मैत्रिणी. इथं तू वर्गातून उठून घरी येणार आणि माझ्या हातची पोळी खाणार. वाढणार कधी?"

आबा आतापर्यंत गप्प होते. ते संजयचे वडील, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून कराड स्टँडवरून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी लेकाकडं आलेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले.

"म्हणजे ही थेट गाडी," त्यांनी बोस्टनच्या पत्राकडं बोट दाखवलं, "आणि ही बदलून जायची. तिकीट स्वस्त आहे, मुक्काम तोच आहे. वाईट काय त्यात? विट्याहून चिपळूणला निघालेली किती माणसं माझ्यासमोर कराडला उतरून पुढच्या गाडीत बसली. बसायची त्यातली काही. काही मात्र बाकावरच झोपून राहायची. पोरी, मला तीन गोष्टी सांग. पुढच्या गाडीत जागा राखीव मिळते का? ती सुटते कधी? आणि तुझं सगळं सामान तिच्यात चढतं, की निम्मं स्टँडवर राहतं?"

तन्वीला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. फीचा हिशेब तिनं सेंटपर्यंत केला होता. पुढचं सगळं 'मग ट्रान्सफर घ्यायची' एवढ्या तीन शब्दांत आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा-नात बसनं डी अँझात गेले. समुपदेशक बाई मोकळ्या बोलल्या. त्यांनी पहिल्यांदा भीतीच घातली: ट्रान्सफरच्या इराद्यानं कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलांपैकी बहुतेक जण चार वर्षांच्या पदवीपर्यंत पोहोचतच नाहीत. कुणाला नोकरी सोडवत नाही, कुणी विषय बदलत राहतो, कुणाला वेळेत सांगणारं कुणी भेटत नाही. मग त्यांनी वाट दाखवली.

घरी आल्यावर तन्वीनं फ्रिजवरचा आपला कागद काढून नवा लावला. जागा राखीव मिळते: यूसीच्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या नऊपैकी सहा ठिकाणी, डेव्हिस त्यांतलं एक, ठरलेले विषय आणि ठरलेली ग्रेड सांभाळली तर प्रवेशाची हमी असते. तिला टॅग म्हणतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत, काही विषयांना ती इतरत्रही लागू नसते आणि हमी मागायची एकाच ठिकाणी. सुटायची वेळ: टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, १ ते ३० तारखेच्या आत, प्रवेशाचा मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत. सामान: डी अँझाचा कोणता विषय डेव्हिसच्या कोणत्या विषयाच्या जागी धरतात, ते असिस्ट नावाच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. यादीबाहेरचा विषय घेतला तर युनिटं कदाचित मिळतील, पण पदवीच्या कामाला येणार नाहीत. गणित, रसायन आणि भौतिक यांच्या मालिका क्रमानंच घ्याव्या लागतात. मधली एक तिमाही हुकली की पुढचं सगळं ढकललं जातं.

संजयनं तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. बोस्टनचं पत्र त्यानं स्वतःच काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात प्रश्न आलाच. संजय घसा खाकरत होता, तोवर आबांनी खणखणीत उत्तर दिलं, "डी अँझा. दोन वर्षांनी डेव्हिस." शेजारी ईशानचे बाबा होते. त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, आमचा ईशानही तिथंच! दोन वर्षं आरामात काढायची आणि मग बर्कलीला कॉम्प्युटर सायन्स."

"गाडी बदलायचं सगळं विचारून घेतलंय ना?" आबांनी विचारलं.

"काका, अजून दोन वर्षं आहेत. बघू की!"

तन्वीची मैत्रीण गार्गी थेट रिव्हरसाइडला गेली. तिला नक्की काय शिकायचं ते ठाऊक नव्हतं, आणि घरापासून लांब राहायची मात्र फार ओढ होती. तिनं पहिल्या वर्षात दोनदा विषय बदलला. एकाच विद्यापीठात असल्यामुळे तिचं निभावलं. आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "तिनं थेट गाडी घेतली ते शहाणपणाचं केलं. डुलकी लागली तरी गाव येतंच."

इकडं डी अँझात दुसऱ्याच तिमाहीत परीक्षा झाली, तीही वर्ग सुरू व्हायच्या आधी. रसायनाच्या वर्गातल्या जागा भरल्या आणि तन्वी प्रतीक्षायादीत अडकली. ती तरीही पहिल्या दिवशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, दुसऱ्या तासालाही गेली. कुणीतरी वर्ग सोडला आणि तिला जागा मिळाली. त्याच आठवड्यात ईशान गणिताच्या प्रतीक्षायादीत होता. त्यानं यादीतून नाव काढलं आणि मित्र बसले होते त्या सिनेमाच्या वर्गात जाऊन बसला. वर्ग छान होता. त्याला त्यात 'ए' मिळाला. पुढच्या तिमाहीत गणिताची वेळ त्याच्या दुकानातल्या नोकरीला आडवी आली, म्हणून तेव्हाही दुसरं काहीतरी घेतलं. त्याला कुणी हटकलं नाही. हटकायचं काम तिथं कुणाचंच नव्हतं.

आबा कराडला परतले होते. दर रविवारी फोनवर ते तन्वीला एवढंच विचारत, "पुढची गाडी?" आणि ती त्या तिमाहीचे विषय यादीशी ताडून सांगे. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं टॅगचा अर्ज भरला.

ईशान समुपदेशकांकडं गेला तो ऑक्टोबरात. त्याच्याकडं युनिटं भरपूर होती, पण गणिताची मालिका अर्धी होती. बर्कली टॅग देतच नाही आणि दुसरीकडं मागायची तारीख उलटून गेलेली. त्या रात्री त्यानं तन्वीकडून नंबर घेऊन आबांना फोन लावला. कराडला तेव्हा सकाळ होती.

"आबा, माझी गाडी चुकली."

"चुकली तर चुकली. पुढची कधी आहे ते खिडकीवर जाऊन विचार. माझ्या स्टँडवर गाडी चुकलेली माणसं रात्री मुक्कामाला पोहोचलीच की. घरी परत गेली ती तेवढी राहिली. आणि या खेपेला सामान मोजून घे."

ईशाननं आणखी एक वर्ष डी अँझात काढलं, नोकरीचे तास कमी केले, मालिका पुरी केली आणि सॅन होजे स्टेटला गेला. तिथं तो चांगला रमला. त्याच्या बाबांनी मंडळात सगळ्यांना सांगितलं की कॉलेजनं पोराला नीट सांगितलं नाही. ईशान मध्येच म्हणाला, "बाबा, सांगत होते. मी विचारायला गेलो नाही."

तन्वी डेव्हिसला गेली. सुरुवातीचे महिने सोपे गेले नाहीत. तिच्या वर्गातल्या मुलींचे घोळके दोन वर्षांपूर्वीच जमलेले होते, आणि ती जेवायला बरेचदा एकटीच बसे. तिनं ते मेधाला फोनवर सांगितलं. "तू म्हणत होतीस ते खरं होतं," असंही म्हणाली. पण तिच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात पगाराची नोकरी शोधण्याऐवजी ती एका प्राध्यापकांबरोबर विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत हिंडू शकली. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव आलं ते डेव्हिसचं. पहिली दोन वर्षं कुठं काढली याची त्यावर नोंद नसते.

तात्पर्य: जिथं दार सर्वांना खुलं असतं, तिथं आत शिरताना कुणी काही विचारत नाही. म्हणून तिथं सगळे प्रश्न आपले आपल्यालाच विचारावे लागतात, आणि तेही पहिल्याच दिवशी.