रोहिणीचे पाणी

धम्मबांधवहो, माणसे युद्धाला का उभी राहतात? बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथातील शाक्यसंघाची सभा आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्या नोकरांत मारामारी झाली. (जखमी नोकर झाले, युद्ध ठरवले मालकांनी.) २८ वर्षांचा सिद्धार्थ म्हणाला, पंच नेमा, दोघांचे दोन-दोन, पाचवा त्या चौघांनी निवडावा. सेनापतीने क्षत्रियधर्म पुढे केला आणि मोठ्या बहुमताने युद्ध ठरले. पाण्याचा प्रश्न तसाच राहिला.

सिद्धार्थ सैन्यात जाईना, तेव्हा धमकी कोणती मिळाली? घराण्यावर सामाजिक बहिष्कार, जमिनीची जप्ती! हे हत्यार आपल्या गावकुसाबाहेर कोणाला ठाऊक नाही? त्या बहुमतात द्वेषाची मते किती आणि या भीतीची किती, विचार करा. सिद्धार्थाने विनवले, अपराध माझा, शिक्षा मला एकट्याला द्या. आणि परिव्रज्या पत्करली.